प्रयोग करणाऱ्याचें मन



दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां भरूं लागल्या कीं आमच्या जालना जिल्ह्यांत विज्ञान-प्रदर्शनांचे दिवस जवळ येतात. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन व जाफराबाद या आठहि तालुक्यांतून मुलें पुठ्ठे, तारा, बाटल्या व कुंड्या सांभाळीत प्रदर्शनाच्या जागीं येऊन दाखल होतात. कोणी लिंबांत तांब्याची व जस्ताची पट्टी खोंचून छोटा दिवा लावितो, कोणी ठिबक-सिंचनाची प्रतिकृति मांडतो, कोणी सोडा व आम्ल एकत्र करून ज्वालामुखी उसळवितो. हीं सर्व कामें हौसेचीं आहेत, आणि हौसेला नांवें ठेवण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. परंतु यांतील बरेचसे प्रयोग नसून देखावे असतात हें कबूल केलें पाहिजे. काय घडणार तें आधींच ठाऊक असतें, आणि तसेंच घडतें. ज्याचें उत्तर ठाऊक नाहीं असा प्रश्न निसर्गाला विचारणें म्हणजे प्रयोग.

या प्रदर्शनांतून न चुकतां आढळणारा एक खराखुरा प्रयोग आहे, तो बीं रुजविण्याचा. जालना ही बियाण्यांची नगरी असल्यामुळें त्यांत नवल नाहीं. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेली 'महिको', येथेंच स्थापिली. १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज आपल्यांतील कित्येकांचे वडील, काका, मामा बियाण्यांच्या धंद्यांत आहेत. त्यांना विचारा, बियाण्याची उगवणशक्ति कशी पाहतात? ते सांगतील कीं प्रयोगशाळेंत चारशें दाणे घेतात, शंभर-शंभरांचे चार वांटे करतात, ओल्या कागदांत ठरावीक उष्णतेंत ठेवितात आणि ठरलेल्या दिवशीं मोजतात. आमचा विद्यार्थी मात्र ओल्या फडक्यांत दहा दाणे ठेवितो व दोन दिवसांनीं निकाल जाहीर करतो!

दहा आणि चारशें यांत फरक काय, हें गणितानेंच पाहूं. समजा, एखाद्या बियाण्याची खरी उगवणशक्ति शेंकडा ८० आहे. त्यांतले दहाच दाणे उचलले तर आठ उगवावेत अशी आपली अपेक्षा. पण बरोबर आठच उगवण्याचा संभव शेंकडा ३० एवढाच आहे. सहा किंवा त्याहून कमी उगवण्याचा संभव शेंकडा १२ आहे. म्हणजे आठ विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग केला तर त्यांतील एकाला चांगलें बियाणें वाईट भासेल, आणि त्यांत त्याची कांहींहि चूक नसेल. तो योगायोगाचा खेळ आहे. दाण्यांची संख्या वाढवीत गेलें कीं हा खेळ मंदावतो.

परंतु प्रयोग बिघडविणारें दुसरें एक कारण आहे, आणि तें दाण्यांची संख्या वाढवून जात नाहीं. त्याविषयींच आज मला लिहावयाचें आहे. प्रथम माझीच गोष्ट सांगतों.

मी नवव्या इयत्तेंत असतांना शाळेच्या प्रदर्शनासाठीं दोन कुंड्यांत मूग पेरले. एका कुंडींत नुसती काळी माती, दुसरींत त्याच मातींत मिसळलेलें शेणखत. रोपांची उंची रोज पट्टीनें मोजून वहींत लिहावयाची. पंधरवड्यांत खताची कुंडी अशी कांहीं वर आली कीं माझा आनंद गगनांत मावेना. वही घेऊन मी आमच्या विज्ञानाच्या गुरुजींकडे गेलों. त्यांनीं वही चाळली आणि विचारलें, "पाणी कशानें घातलेंस?" मी म्हटलें, "ओंजळीनें." ते म्हणाले, "दोन्हीं कुंड्यांना सारख्याच ओंजळी?" मी होय म्हणालों, पण म्हणतांनाच अडखळलों. खताच्या कुंडीपाशीं माझी ओंजळ भरून असे, आणि दुसरीपाशीं पोंचेपर्यंत बोटांच्या फटींतून अर्धें पाणी गळून गेलेलें असे. कधीं मुद्दाम असें केलें नव्हतें. मापतांनाहि हाच प्रकार: खताच्या रोपाचें पान मी बोटानें जरा सरळ करून मापीत असें. गुरुजी हंसून म्हणाले, "अरे, मग हा प्रयोग खताचा झाला कीं तुझ्या ओंजळीचा?"

ती वही प्रदर्शनांत मांडली गेली नाहीं. त्या वेळीं मला वाईट वाटलें, तें अजून आठवतें. वहींतला एकहि आंकडा मीं खोटा लिहिला नव्हता; तरी वही खरी नव्हती. प्रामाणिक मनुष्याच्या हातूनहि हें घडतें, किंबहुना प्रामाणिक मनुष्याच्याच हातून बेमालूम घडतें, कारण त्याला स्वतःचा संशय येत नाहीं.

शास्त्रज्ञांना हें कोडें प्रथम पडलें तें मानसशास्त्रांत नव्हे, तर ज्योतिर्वेधांत. इंग्लंडांत ग्रीनविच येथें राजवेधशाळा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मॅस्केलीन हे तिचे प्रमुख होते व डेव्हिड किनेब्रुक नांवाचा तरुण त्यांचा साहाय्यक होता. दुर्बिणींतील उभ्या तारेवरून तारा केव्हां सरकतो याची वेळ टिपावयाची; त्यासाठीं डोळा दुर्बिणीला आणि कान घड्याळाच्या ठोक्यांकडे, आणि दोन ठोक्यांमधील सेकंदाचे दहा भाग मनानेंच करावयाचे. मॅस्केलीन यांच्या लक्षांत आलें कीं किनेब्रुकची वेळ आपल्याहून मागें पडते. त्यांनीं त्याला सावध केलें. फरक कमी न होतां वाढत वाढत सेकंदाच्या आठ-दशांशांवर गेला. १७९६ सालीं किनेब्रुकची नोकरी गेली.

पुढें जर्मनींतील विख्यात ज्योतिर्विद् बेसेल यांच्या वाचनांत ही हकीकत आली. त्यांनीं स्वतःचे वेध इतर निष्णात वेधकांच्या वेधांशीं ताडून पाहिले, तों प्रत्येकाचा दुसऱ्याशीं फरक निघाला, आणि तो बराचसा ठराविक निघाला. डोळ्यानें पाहिलेलें आणि कानानें ऐकिलेलें यांची मनांत सांगड घालावयास वेळ लागतो. तो वेळ माणसामाणसाला वेगळा असतो. त्याला 'वैयक्तिक समीकरण' असें नांव पडलें. किनेब्रुक आळशी नव्हता, गबाळा नव्हता. तो केवळ मॅस्केलीन नव्हता. तोंपर्यंत तो बिचारा हें जग सोडून गेलेला होता.

पुढें वेधशाळांनीं डोळ्याच्या जागीं छायाचित्राची कांच बसविली. आपला जिल्हा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यांत होता, त्या राज्याच्या निजामिया वेधशाळेनेंहि आकाशाचा छायाचित्रित नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यांत आपला वांटा उचलला होता. कांचेला घाई नसते व अपेक्षाहि नसते.

किनेब्रुकचा प्रयोग आपल्याला वर्गांत एका पट्टीवर करतां येतो. तीस सेंटिमीटरची पट्टी मित्रानें वरच्या टोंकाशीं उभी धरावी. तुम्ही अंगठा व तर्जनी पट्टीच्या शून्याशीं, पट्टीला स्पर्श न करतां उघडी ठेवावी. मित्रानें न सांगतां पट्टी सोडावी. तुम्ही चिमटींत पकडावी. जितके सेंटिमीटर पट्टी घसरली तितक्यांची दुप्पट करा, तिला ९८० नें भागा, आणि येणाऱ्या संख्येचें वर्गमूळ काढा. तो तुमचा प्रतिक्रिया-काळ सेकंदांत आला. पट्टी १० सेंटिमीटरवर पकडली तर ०.१४ सेकंद, २० वर ०.२० सेकंद, ३० वर ०.२५ सेकंद. नुसत्या गुरुत्वाकर्षणानें पैशाशिवाय मिळालेलें हें सेकंदाच्या शतांशाचें घड्याळ आहे, आणि मला तरी तें शाळेंतील साऱ्या उपकरणांत सुंदर वाटतें.

आतां या प्रयोगांत मन कोठें शिरतें तें पाहा. मित्र पट्टी सोडण्यापूर्वीं नकळत श्वास रोखतो, किंवा त्याचा अंगठा किंचित् हलतो. पकडणारा तें टिपतो आणि पट्टी सुटतांसुटतांच पकडतो. पांच सेंटिमीटरच्या आंत, म्हणजे ०.१० सेकंदाच्या आंत, पट्टी पकडली गेली तर ती पाहून पकडलेली नसून अंदाजानें पकडलेली आहे असें समजावें. धांवण्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींतहि पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आंत पाय हलला तर ती चुकीची सुरुवात धरतात, तें याच कारणानें. यावर उपाय असा कीं मित्रानें दर वेळीं वेगवेगळा थांबा घ्यावा, कधीं दोन सेकंद, कधीं पांच, आणि थांब्यांचा क्रम आधीं चिठ्ठ्या टाकून ठरवावा.

दुसरें विघ्न याहून चोरट्या पावलांनीं येतें. पट्टी हातून निसटली कीं मुलगा म्हणतो, "ही धरूं नका, माझें लक्ष नव्हतें." ठीक आहे. परंतु पट्टी झट्कन पकडली गेली तेव्हां "ही धरूं नका, माझें लक्ष फारच होतें," असें म्हणणारा मुलगा माझ्या साऱ्या नोकरींत मला भेटला नाहीं! वाईट तेवढें वगळावें आणि चांगलें तेवढें ठेवावें, मग सरासरी चांगली येणारच. म्हणून किती वेळां पट्टी टाकावयाची आणि कोणती फेरी बाद धरावयाची, हें प्रयोगाच्या आधीं वहींत लिहून त्याखालीं तारीख घालावी.

येथवर आपण निर्जीव पट्टीविषयीं बोललों. सजीवाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तो आपल्याकडे पाहत असतो.

तुम्हीं नंदीबैल पाहिला आहे. झूल पांघरलेला, शिंगांना रंगीत गोंडे बांधलेला तो बैल दारांत येतो; नंदीवाला ढोलकें वाजवून विचारतो, "यंदा पाऊस पडेल का?" आणि बैल मान डोलावतो. आपण हंसतों, कारण नंदीवाल्याच्या हातांतली दोरी किंवा त्याच्या ढोलक्याचा ताल बैलाला कळतो हें आपण जाणतों. नंदीवालाहि जाणतो. पण समजा, नंदीवाल्यालाच ठाऊक नसतें कीं आपण बैलाला खूण करतों, तर?

असें एकदां घडलें. बर्लिन शहरीं फॉन ऑस्टन नांवाचे एक वृद्ध गणितशिक्षक होते. त्यांनीं हान्स नांवाचा घोडा वर्षानुवर्षें शिकविला. बेरीज विचारली कीं हान्स खुरानें तितके ठोके देऊन थांबे. फॉन ऑस्टन पैसे घेत नसत. त्यांचा आपल्या शिष्यावर मनापासून विश्वास होता. १९०४ सालीं विद्वानांच्या मंडळानें तपासणी केली व लबाडी आढळत नाहीं असा निर्वाळा दिला. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकानें निराळी युक्ति केली. ज्या प्रश्नाचें उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नाहीं असे प्रश्न त्यानें विचारविले. तेव्हां घोड्याची सारी विद्या लयास गेली. विचारणारा घोड्याच्या दृष्टीआड उभा केला, तेव्हांहि तेंच. फुंग्स्टला आढळलें कीं प्रश्न विचारून मनुष्य किंचित् पुढें वांकून खुराकडे पाहतो, आणि उत्तराचा ठोका पडतांच त्याचें डोकें अगदीं केसभर वर येतें. घोडा तेवढें पाहत होता. नवलाची गोष्ट ही कीं हें सारें शोधून काढल्यावर फुंग्स्टला स्वतःलाच ती मानेची हालचाल आंवरतां येईना.

घोड्याचें असें, तर उंदराचें कसें? अमेरिकेंतील रॉबर्ट रोझेंथाल व फोड या मानसशास्त्रज्ञांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकीं पांच पांढरे उंदीर दिले. कांहींना सांगितलें, तुमचे उंदीर हुशार कुळींतले आहेत. उरलेल्यांना सांगितलें, तुमचे मंद कुळींतले. वस्तुतः सारे उंदीर एकसारखेच होते. तरी "हुशार" उंदरांनीं चक्रव्यूहाची वाट अधिक चांगली शिकली! हुशार म्हणून मिळालेले उंदीर विद्यार्थ्यांनीं अधिक मायेनें व अधिक वेळां हाताळले होते. माझी भरलेली ओंजळच ती.

१९६८ सालीं याच रोझेंथाल यांनीं लेनोर जेकब्सन या मुख्याध्यापिकेसह एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एका प्राथमिक शाळेंतील मुलांची बुद्धिपरीक्षा घेऊन त्यांनीं शिक्षकांना सांगितलें कीं अमुक अमुक मुलें या वर्षीं भराभर पुढें येतील. हीं नांवें, सुमारें पांचांत एक या प्रमाणांत, निव्वळ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडलेलीं होतीं. वर्षअखेरीस, विशेषतः पहिलीदुसरीच्या वर्गांत, तीं मुलें खरोखरीच पुढें गेलेलीं आढळलीं. या ग्रंथावर पुढें पुष्कळ टीका झाली, व ती बव्हंशीं योग्य होती. मागाहून झालेल्या प्रयोगांत हा परिणाम ग्रंथांत म्हटला त्याहून पुष्कळ लहान निघाला व कित्येक ठिकाणीं निघालाच नाहीं. म्हणून "गुरुजींनीं हुशार म्हटलें कीं मुलगा हुशार होतो" असें सूत्र कोणीं करूं नये. परंतु परिणाम लहान असला तरी तो शून्य नाहीं, आणि तो ज्याच्या वांट्याला येतो त्याला तो लहान वाटत नाहीं.

हें वाचलें तेव्हां मी अनेक वर्षें शिकवीत होतों, आणि मला एका मुलाची आठवण झाली. तो आडगांवाहून रोज एस्. टी.नें येई. पहिल्याच आठवड्यांत तो उशिरां आला, नंतर फळ्यावरचें उदाहरण त्याला जमलें नाहीं, आणि हा मुलगा यथातथाच, असें मीं मनांत लिहून टाकलें. पुढें वर्षभर त्याच्या उत्तरपत्रिका मी नांव वाचून तपाशीत असें. एकदां घाईंत गठ्ठा उलटा पडला, आणि एक उत्तरपत्रिका नांव न पाहतांच मीं तपासली. गुण देऊन पान उलटलें तों ती त्याची. इतके गुण त्याला मीं कधीं दिले नव्हते. जुन्या पत्रिका काढून पुन्हां वाचल्या. अक्षर वाईट होतें; पण ज्या पायऱ्यांना दुसऱ्या मुलाला मी अर्धे गुण देत असें, तेथें याला शून्य होतें. लाल शाई माझीच होती. मीं गुण दुरुस्त केले व त्याला बोलावून सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं, नुसता पायांकडे पाहत राहिला. त्यानें मला क्षमा केली कीं त्याला तें खरेंच वाटलें नाहीं, हें मला कळलें नाहीं. बोर्डाच्या परीक्षेंत उत्तरपत्रिकेवर नांव कां नसतें, हें मला त्या दिवशीं समजलें. त्या दिवसापासून मी मुलांना नांव शेवटच्या पानाच्या मागें लिहावयास सांगतों.

नांव झांकणें ही युक्ति लहान दिसते, पण शास्त्रांत तिचें सामर्थ्य फार मोठें आहे. तिचें आपल्या महाराष्ट्रांतील उत्तम उदाहरण म्हणजे पुण्यास झालेली फलज्योतिषाची परीक्षा. प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेले श्री. प्रकाश घाटपांडे यांनीं ती योजिली, आणि २००९ सालीं तिचा वृत्तांत 'करंट सायन्स' या नियतकालिकांत आला. शंभर बुद्धिमान विद्यार्थी आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेलीं शंभर मुलें, अशा दोनशें मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थळें जमवून पत्रिका मांडल्या. प्रत्येक पत्रिकेला नुसता सांकेतिक क्रमांक. ज्योतिषांना आवाहन केलें कीं प्रत्येकानें चाळीस पत्रिका घ्याव्या आणि कोणती कोणत्या गटांतील तें सांगावें. पत्रिका पाहून बुद्धि सांगतां येते असें शास्त्र मानतेंच. तेव्हां परीक्षा अन्यायाची नव्हती.

सत्तावीस ज्योतिषांनीं उत्तरें पाठविलीं. नाणें उडवून उत्तर दिलें तरी चाळिसांपैकीं सरासरी वीस बरोबर यावयाचींच. निव्वळ योगायोगानें अठ्ठावीस किंवा अधिक बरोबर येण्याचा संभव शंभरांत एकाहूनहि कमी. म्हणून कोणी तेथवर पोंचता तर विचार करण्याजोगी गोष्ट होती. सर्वांत अधिक उत्तरें बरोबर आलीं तीं चोवीस. सत्तावीस माणसांनीं नुसतीं नाणीं उडविलीं असतीं तरी त्यांतील तिघाचौघांचीं चोवीस किंवा अधिक उत्तरें बरोबर आलीं असतीं! साऱ्यांची सरासरी शेंकडा ४६, म्हणजे नाण्याहूनहि किंचित् खालीं. एका संस्थेनें दोनशेंहि पत्रिका पाहिल्या; तिचीं १०२ उत्तरें बरोबर आलीं. या परीक्षेवर आक्षेप घेतले गेले, आणि आक्षेप घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहेच. पण ज्यानें आक्षेप घेतला त्यानें आपल्या मनाजोगी दुसरी परीक्षा मांडावी, क्रमांक मात्र झांकून. डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट १९१३ नव्हे, २०१३ रोजीं, म्हणजे आपल्याच काळांत, पुण्यास खून झाला. डॉ. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यांत निवर्तले.

मग लोकांना भविष्य खरें कां वाटतें? याचेंहि उत्तर एका वर्गांतच मिळालें. १९४८ सालीं बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकानें आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावपरीक्षा घेतली व आठवड्यानें प्रत्येकाला त्याचें स्वभाववर्णन दिलें. तें किती जुळतें याला पांचांपैकीं गुण द्या, असें सांगितलें. सरासरी आली ४.२६. मग त्यानें उघड केलें कीं सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि तो एका भविष्याच्या पुस्तकांतून घेतला होता.

हा प्रयोग तुम्हीं जरूर करून पाहावा. त्यासाठीं मराठींत दहाबारा वाक्यें मीं अशीं सुचवितों: "तुम्ही वरून शांत दिसतां, पण मनांत काळजी करीत असतां", "तुमच्या गुणांचें चीज अजून व्हावयाचें आहे", "माणसें जोडतां, पण मनांतलें सर्वांना सांगत नाहीं". अशा वाक्यांना नाहीं म्हणणारा मनुष्य विरळा. दोन अटी मात्र पाळाव्या. वर्णनांत कोणालाहि लागेल असें कांहीं नसावें. आणि तास संपण्यापूर्वीं खरा प्रकार सर्वांना सांगावा. माणसांवर प्रयोग करतांना त्यांना क्षणभर फसवावें लागलें तरी फसलेलें ठेवूं नये. वर्गांतील मुलांना हुशार व मंद असे शिक्के मारून पाहण्याचा प्रयोग तर कोणीं कधींहि करूं नये. तो उंदरांवर झाला तेवढा पुरे.

आतां पुन्हां कुंड्यांकडे वळतों. अलीकडे प्रदर्शनांत एक प्रयोग वारंवार दिसतो. एका रोपाशीं रोज गोड बोलावयाचें, दुसऱ्याला रागें भरावयाचें. पहिलें टवटवीत, दुसरें सुकलेलें. खालीं तक्ता, आणि शेजारीं मोठ्या अक्षरांत निष्कर्ष. मी त्या मुलांना विचारतों, "गोड बोलणारा कोण?" "मीच, सर." "पाणी घालणारा?" "मीच." "मोजणारा?" "तोहि मीच." मुलांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेशहि नसतो, आणि मला माझी ओंजळ आठवते.

हाच प्रयोग चांगला कसा होईल? दोन रोपांनीं भागणार नाहीं. निदान तीस कुंड्या घ्याव्या. एकाच पिशवींतलें बीं, एकाच ढिगाची माती. कुंड्यांना एक ते तीस क्रमांक द्यावे, व कोणते पंधरा गोड बोलण्याचे आणि कोणते पंधरा रागाचे हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें; आपल्या हातानें निवडूं नये, कारण हात टवटवीत रोपाकडे जातो. त्या क्रमांकांची यादी बोलणाऱ्या मुलाकडेच असावी. पाणी दुसऱ्यानें घालावें, ओंजळीनें नव्हे तर एकाच मापानें, आणि यादी त्याला दाखवूं नये. उंची तिसऱ्यानें मोजावी. त्यालाहि यादी ठाऊक नसावी. बोलणाऱ्यानें दोन्हीं प्रकारच्या कुंड्यांशीं सारखाच वेळ व सारख्याच अंतरावरून बोलावें, आणि बोलून झाल्यावर कुंड्यांच्या जागा बदलाव्या, नाहींतर खिडकीजवळचें ऊन गोड शब्दांचें श्रेय घेऊन जाईल. किती दिवस मोजावयाचें तेंहि आधींच ठरवावें.

यांतून काय निघेल? माझा अंदाज आहे, पण तो मी येथें लिहीत नाहीं. तुमच्या मोजणाऱ्याच्या वाचनांत हा लेख आला तर त्याची पट्टी वांकडी व्हावयाची. कुंडीच्या क्रमांकाची चिठ्ठी बाहेर लावा, आणि बोलण्याची यादी जाड लिफाफ्यांत घालून मोजणी संपेपर्यंत मुख्याध्यापकांच्या कपाटांत ठेवा.